सिनेमा, बातमी, सरकारी योजना: इंटरसेक्शनल नजरेनं वाचायचं म्हणजे नेमकं करायचं काय

इंटरसेक्शनल फेमिनिझम, म्हणजे बाईवरचा अन्याय जात, वर्ग, वंश यांच्यासोबत एकत्र बघणारा स्त्रीवाद, हा शब्द आता इन्स्टाच्या बायोमध्ये पण दिसतो, पण तो वापरून एखादा पिक्चर किंवा पेपरातली बातमी प्रत्यक्षात कशी वाचायची हे फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा होतं काय, लोक एक यादी करतात: ही बाई आहे, शिवाय दलित आहे, शिवाय गरीब आहे, शिवाय खेड्यातली आहे, आणि मग जिचे 'शिवाय' जास्त तिच्याबद्दल जास्त हळहळायचं, झालं, विषय संपला. ही नुसती बेरीज झाली. तिच्यातनं नवीन काहीच कळत नाही, आपल्याला आधीपासून जे वाटत होतं तेच परत वाटतं फक्त.

मी खाली जी पद्धत सांगतेय ती एकाच गोष्टीवर उभी आहे, नियम शोधायचा. कुठला तरी नियम, प्रथा, फॉर्म, रेट, वेळापत्रक, जे कागदावर सगळ्यांना सारखं आहे पण एका ठराविक बाईवर येऊन आदळतं. तो सापडला की बाकीचं लिहायला सोपं जातं, आणि नाही सापडला तर बहुतेक तुम्ही अजून बेरीजच करताय.

आधी ती मूळ केस, कारण पद्धत तिथूनच आलीय

अमेरिकेत सेंट लुईसच्या कारखान्यातल्या पाच काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. कंपनीनं १९६४ च्या आधी एकाही काळ्या बाईला कामावर घेतलेलं नव्हतं. बायका होत्या कंपनीत, पण गोऱ्या, ऑफिसच्या कामाला. काळी माणसं पण होती, पण पुरुष, कारखान्यात. ६४ ला नोकरीत वंश किंवा लिंगावरून भेदभाव करायला बंदी घालणारा सिव्हिल राइट्स कायदा आला आणि त्यानंतर काळ्या बायका आत यायला लागल्या. मग सत्तरच्या दशकात मंदी आली, कपात झाली, आणि कपातीचा नियम काय तर जो शेवटी आला तो आधी जाणार. ऐकायला किती सरळ आहे, युनियनवाले पण असाच नियम मागतात. पण शेवटी आलं कोण होतं, आणि त्या शेवटी का आल्या होत्या? १९७० नंतर घेतलेल्या सगळ्या काळ्या बायका बाहेर गेल्या.

१९७६ मध्ये कोर्टाचं म्हणणं असं की कंपनीनं बायका घेतल्यात ना, मग बाई म्हणून भेदभाव झालेला नाही, आणि वंशाचं म्हणत असाल तर त्याची दुसरी केस चालू आहे तिच्यात सामील व्हा, दोन्ही एकत्र करून नवा दावा मात्र चालणार नाही. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ मध्ये हा निकाल समोर ठेवून पेपर लिहिला आणि तिथून हा शब्द चालू झाला. तिनं त्याला चौकाची उपमा दिली (इंटरसेक्शन म्हणजे चौकच), चारी बाजूंनी गाड्या येतात, मधे उभ्या असलेल्या माणसाला धक्का लागला की नेमका कुठल्या गाडीचा हे सांगता येत नाही, म्हणून धक्का लागलाच नाही असं थोडंच आहे.

आता हे सगळं अमेरिकेतनं आलेलं फॅड आहे असं म्हणणारे भेटतातच. त्यांना मुक्ता साळवेचं नाव सांगायचं. फुल्यांच्या शाळेतली, जेमतेम चौदा वर्षांची मातंग मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात. म्हणजे बाळंतपण सगळ्याच बायकांना आहे, पण छप्पर कुणाला मिळतं हे जात ठरवते. क्रेनशॉच्या पेपरच्या १३४ वर्षं आधी! पुढं समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेची जी मांडणी केली तिच्यातही हा धागा आहे, की चळवळीत 'स्त्री' म्हटलं की सवर्ण स्त्री धरली जायची आणि 'दलित' म्हटलं की दलित पुरुष.

पायरी १: लहान गोष्ट घ्या

'बॉलिवूडमधली स्त्री' वगैरे विषय घेऊ नका, त्यातनं काही हाती लागत नाही. एक सीन घ्या, एक जाहिरात, एक बातमी, एक जीआर (सरकारी आदेश). अशी गोष्ट की जी तुम्ही दोन-तीन वेळा बघू किंवा वाचू शकता. पहिल्या वेळी नुसती बघा, मजा येत असेल तर मजा घ्या, पेन घेऊन बसलात की सगळंच संशयास्पद दिसायला लागतं.

पायरी २: 'बायका' लिहिलंय तिथं 'कोणत्या?' लिहा

हे अगदी यांत्रिकपणे करा. मजकुरात जिथं जिथं महिला, भगिनी, स्त्रीशक्ती, मुली असे शब्द येतील तिथं समासात 'कोणत्या?' असं लिहायचं. लग्न झालेल्या की न झालेल्या, नवरा सोबत असलेल्या की सोडलेल्या, कुठल्या जातीच्या, स्वतःच्या नावावर काय आहे, हातात मोबाइल आहे का, दिसतं-चालता येतं का, घरातलं काम दुसरी कुणी करतं का. सगळ्या प्रश्नांना उत्तर मिळायची गरज नाही, एकदोन ठिकाणी अडलात तरी पुरे.

२०२३ मध्ये संसदेत महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली तेव्हाचा वाद आठवा. ३३ टक्के जागा, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांमधल्या एक तृतीयांश महिलांना, पण ओबीसी बायकांसाठी वेगळा वाटा नाही. १९९६ ला पहिलं विधेयक आलं तेव्हापासून हेच भांडण आहे. त्या भांडणात 'ओबीसींचा कोटा मागणारे म्हणजे बायकांचे विरोधक' असं सरळ समीकरण पुष्कळांनी मांडलं. काही जण असतीलही विरोधक, त्याबद्दल माझी खात्री आहे 😀 पण तेवढ्यानं 'कोणत्या बायका निवडून येणार' हा प्रश्न खोटा ठरत नाही.

पायरी ३: नियम शोधा (इथं वेळ काढा, हीच खरी मेहनत)

बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी घेऊ. २०१९ मध्ये देशभर गाजली, परदेशी माध्यमांनी पण उचलली. हेडलाइनचा सूर साधारण असा की कामासाठी बायका गर्भाशय काढून टाकतायत. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं निघालं. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेव्हा देशाचा आकडा होता शंभरात साधारण तीन.

यावर लोकांनी दोन पद्धतीनं लिहिलं. एक, बिचाऱ्या अडाणी बायका, डॉक्टरांनी लुबाडलं. दोन, मजूर पुरवणाऱ्या मुकादमानं जबरदस्ती केली का नाही, यावरच सगळी चर्चा. दोन्हीत तथ्य असू शकतं पण दोन्हीत खलनायक शोधायची घाई आहे. आपण नियम शोधू.

ऊसतोडीत मजूर एकटा धरला जात नाही, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम त्या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, व्यवहार ठरतो तो पुरुषाशी, पैसे त्याच्या हातात. ती उचल फेडायची असते ऊस तोडून, आणि ज्या दिवशी कामावर गेलं नाही त्या दिवसाचा खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच वर दंड. आता हा खाडा स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखा आहे ना? अगदी सारखा. जनरल मोटर्सच्या त्या 'शेवटी आला तो आधी जाणार' सारखाच सारखा.

पण अंगावरून जायला लागलं, पोटात कळा येतायत, म्हणून दोन दिवस पालातच बसली तर खाडा पडतो कुणावर? कोयत्यावर. म्हणजे नवऱ्याचीही मजुरी अडकते, उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी परत यावं लागतं. तिचं दुखणं हे तिचं एकटीचं राहतच नाही, घरावरचं कर्ज होतं ते. वरून फडात संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पहाटे चारला उठून स्वयंपाक करून फडात, संध्याकाळी परत चूल, आणि गाडी रात्री आली तर रात्री मोळ्या वाहायच्या. यातनं इन्फेक्शन होणारच. लग्न लवकर झालेलं, का, तर कोयता जोडीचा असतो म्हणून पोरींची लग्नं पण घाईनं लावतात, हा त्याच नियमाचा दुसरा फटका. बाळंतपणं लवकर, नसबंदी लवकर, मग खाजगी दवाखान्यात कुणी सांगितलं की पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, तर काढून टाकणं हा त्या चौकटीत हिशेबी निर्णय वाटायला लागतो. कुणी बंदूक लावायची गरजच नाही.

यात जात कुठाय? हंगाम संपल्यावर घरी जमीन किती आहे, आहे का, पाणी आहे का, इथं. ऊस तोडायला जाणाऱ्यांत वंजारी, बंजारा, दलित मोठ्या संख्येनं आहेत, मराठा पण आहेत, त्यामुळं 'एका जातीची गोष्ट' असं लिहिलंत तर कुणीतरी येऊन तुम्हाला खोडून काढेल आणि बरोबर असेल. ज्यांच्याकडं उचल नाकारण्याइतकी जमीन नाही त्यांची ही गोष्ट आहे, आणि मराठवाड्यात कुणाकडं किती जमीन याला जातीचा जुना इतिहास आहे, असं लिहा. थोडं लांबतं वाक्य, पण टिकतं.

पायरी ४: तीच माणसं, जागा बदला

आता सिनेमा. 'सैराट' (२०१६) घेते कारण तो जवळपास सगळ्यांनी बघितलाय आणि त्यावर झालेली चर्चा बहुतेक अर्धवट आहे. शेवट सांगणार आहे, न बघितलेला कुणी उरला असेल तर त्यानं ही पायरी सोडा.

एक कॅम्प म्हणतो आर्ची म्हणजे स्ट्राँग फिमेल कॅरेक्टर, बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दम देते. दुसरा कॅम्प म्हणतो हा जातीवरचा सिनेमा आहे, बाईचं काय घेऊन बसलात. दोघांनाही विचारा, आर्चीला बुलेट कुणी दिली? ती पाटलाची मुलगी आहे. गावात मोकळेपणानं फिरते ते बाई असूनही, आणि पाटलीण असल्यामुळं. तिचा प्रियकर पर्शा खालच्या मानलेल्या जातीतला, त्याच्या बहिणीनं तसं फिरून बघावं की. म्हणजे जे धाडस आपण टाळ्या वाजवून बघतो त्यात जातीची ताकद मिसळलेली आहे, आणि तीच ताकद घरात तिच्यावर उलटते, कारण त्या घराची इज्जत तिच्या लग्नावर टांगलेली आहे. भाऊ प्रिन्स कॉलेजात लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो, तेही दलित साहित्य शिकवताना, आणि सरांनाच वाड्यावर जावं लागतं. तोच हात शेवटी बहिणीवर उठतो. आधीच्या सीनमध्ये जात दिसते, शेवटच्या सीनमध्ये बाई-पुरुष दिसतं असं नाही, दोन्हीत तेच घर आहे.

मग ते हैदराबादला पळून जातात आणि सिनेमा स्लो होतो अशी तक्रार सगळे करतात. मला विचाराल तर पिक्चरचा सगळ्यात हुशार भाग तोच. तिथं पाटलाची मुलगी कुणाला माहीत नाही, वस्तीतला संडास तिला सहन होत नाही, कारखान्यात कामाला जाते, भाषा शिकते. जातीची ताकद गेली. आणि गावात तिच्यापुढं मान खाली घालणारा पर्शा काय करतो, संशय घेतो, हात उचलतो. म्हणजे जात बाजूला झाल्यावर बरोबरी आली नाही, दुसरी उतरंड वर आली. पर्शा वाईट आहे म्हणून नव्हे, नवरा म्हणून त्याला आयती मिळालेली जागा तो वापरतो. हे दिसलं की लक्षात येतं की ताकद माणसाला कायमची चिकटलेली नसते, जागेप्रमाणं बदलते. म्हणून 'हा शोषक, ही शोषित' अशी पाटी लावून टाकू नका, प्रत्येक जागेत परत विचारा.

आणि आर्चीची आई बघा. पूर्ण सिनेमाभर जवळपास गप्प. शेवटी आर्ची फोन करते तो आईलाच, आणि मग माहेरहून साड्या-भेटी घेऊन भाऊ येतो. त्या घरात सत्ता कुणाची, आणि आईची माया कशी वापरली गेली, यावर मी कुठं लेख वाचलेला नाही, तुम्ही लिहा.

पायरी ५: एक गोष्ट काढून टाकून बघा

ही ट्रिक फार कामाची आहे. जात, वर्ग, बाई-पुरुष यातला एक अक्ष काढला तर गोष्ट कोसळते का? 'सैराट'च्या बाबतीत हा प्रयोग फुकटात करून मिळालाय, २०१८ ला 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, जात एखाददुसऱ्या उल्लेखापुरती उरली, श्रीमंत राजघराण्यातली मुलगी आणि साध्या घरातला मुलगा अशी लव्हस्टोरी झाली. शेवटी मराठीत दोघं जातात आणि लेकरू उरतं, हिंदीत मुलगा आणि बाळ जातं, ती उरते. आता स्वतःला विचारा, हिंदीत ती का उरली? नुसता धक्का वेगळा द्यायचा म्हणून, की जात काढल्यावर मुलीला मारायचं कारणच पातळ झालं म्हणून? मला दुसरं वाटतं. तुम्हाला पहिलं वाटलं तरी चालेल, पण सीनमधला पुरावा द्या.

बातमीवर पण हे करता येतं. ऊसतोडीतनं खाडा काढा, बाकी सगळं तसंच ठेवा. किती ऑपरेशन कमी होतील? नंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असं ठरलं, चांगलं झालं, पण तो उपाय डॉक्टरवर आहे. खाडा तिथंच.

पायरी ६: उपाय कुणाला गृहीत धरतो ते बघा

योजना वाचताना हे सोपं जातं. लाडकी बहीण योजना, २०२४, महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत. यात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार सगळ्यांचा उल्लेख पहिल्यापासून आहे, म्हणजे लिहिणाऱ्यानं विचार केलेला होता. २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि तिच्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला. उत्पन्न कुटुंबाचं मोजायचं म्हणून, कारण समजण्यासारखं आहे. पण नवरा वारलाय, वडीलही नाहीत, अशीनं काय करायचं? ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद द्यायची सोय केली. बरं, मग जिला नवऱ्यानं नुसतंच सोडलंय, कोर्टकचेरी काही झालेली नाही, तो जिवंत आहे, दुसरीसोबत राहतो आणि ओटीपी द्यायला तयार नाही, ती? तिच्याकडं कागद कुठला? योजनेच्या यादीत ती आहे, फॉर्ममध्ये नाही. असं वाक्य लिहिता आलं की समजा पायरी ३ पण जमली.

इथं एक सावधगिरी. यावरून 'योजना फसवी आहे' किंवा 'बायका मतं विकतात' असल्या निष्कर्षावर उडी मारू नका. १५०० रुपयांनी पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात पैसे आलेल्या बायका पण आहेत, आणि त्यांना तुच्छतेनं 'फुकटे' म्हणणाऱ्यांची जात-वर्ग पण याच पद्धतीनं तपासता येतो, तो वेगळा लेख होईल.

उलट दिशेनं पण बघा, उपाय कुणाच्या जिवावर आला. आज ऑफिसात लैंगिक छळाविरुद्ध समिती असते ती २०१३ च्या कायद्यानं, त्याच्या मागं १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं, आणि त्यांच्या मागं भंवरी देवी, राजस्थानातली कुंभार समाजातली साथिन (सरकारी योजनेतली गावपातळीवरची कार्यकर्ती), जिनं सरकारी काम म्हणून बालविवाह अडवायचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये गावातल्या वरच्या जातीच्या पुरुषांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. कायद्याचा फायदा एसी ऑफिसपर्यंत पोचला. तुमच्या कंपनीतल्या पॉशच्या (याच २०१३ च्या कायद्याच्या) ट्रेनिंगमध्ये तिची जात सांगतात का, जरा आठवून बघा.

पायरी ७: लिहिताना

थोडक्यात सांगते. लैंगिक अत्याचाराच्या बातमीवर लिहीत असाल तर पीडितेचं नाव, फोटो, गाव ओळखू येईल असं काही टाकायचं नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि हॅशटॅगला सूट नाही. जात लिहायची का? तिथं गुन्ह्यात, तपासात किंवा निकालात जातीचा काही संबंध असेल तर लिहायचीच, न लिहिणं ही पण एक बाजू घेणंच असतं. खैरलांजीचं दलित कुटुंबाचं हत्याकांड (२००६) आठवा, सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंध आणि जमिनीचा वाद एवढंच होतं, आणि पुढं कोर्टानंही शिक्षा दिल्या पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही.

'मी' कोण आहे ते एका वाक्यात सांगा आणि पुढं चला. चार परिच्छेद प्रिव्हिलेजची कबुली देत बसणारे लेख वाचवत नाहीत, त्यात परत लेखकच हिरो होतो. इंग्रजी शब्द आला तर येऊ द्या, पण 'पितृसत्ताक संरचनांचं पुनरुत्पादन' टाइपचं वाक्य आलं की त्याच्या जागी तो नियम लिहा, खाडा लिहा, आधार नंबर लिहा. वाचणारीला पटकन कळतं.

सरावासाठी एक

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. घ्या हे, आणि वरच्या पायऱ्या लावा. कोणत्या बायका रोज एसटीनं जातात आणि कशाला? ज्या गावात एसटीच येत नाही, वडापच आहे, तिथं काय? अर्ध्या तिकिटामुळं कुणाला पहिल्यांदा माहेरी, दवाखान्यात, कॉलेजात एकटीनं जाता आलं? गर्दी वाढली तर व्हीलचेअरवाली किंवा बाळ कडेवर असलेली चढते का? कंडक्टर बाई असेल तर तिच्या ड्यूटीवर काय फरक पडला? तृतीयपंथी प्रवाशाला ते तिकीट मिळतं का, आणि कोण ठरवतं? दोन दिवस स्टँडवर जाऊन बसलात तर यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं गुगल न करता मिळतील.